मॉडेल विमानातील जेट इंजिन आणि गोव्याचा सडा

मित्रहो, गोव्यात ‘पायलट’ म्हटले की डोळ्यांसमोर भाड्याने प्रवासी नेणारी पिवळी-काळी मोटारसायकल येते, आणि आजच्या हिशेबाला मला तीच हवी आहे. बारा किलोचे मॉडेल विमान ताशी २०० किलोमीटरने जाते तेव्हा त्याच्या अंगी सुमारे १८,५०० ज्यूल ऊर्जा असते. प्रवाशाला मागे बसवून ताशी चाळीस-पंचेचाळीसने निघालेल्या पायलटाच्या गाडीची साधारण तेवढीच असते. मुलाला जेट घेऊन द्यावे का, असे विचारणाऱ्या पालकांना इंजिन फुटण्याची धास्ती असते. मला धास्ती वाटते ती या ऊर्जेची आणि टाकीत उरलेल्या केरोसीनची.

इंजिन आता बरेच भरवशाचे झाले आहे. जर्मनीच्या कुर्ट श्रेकलिंग यांनी घरगुती टर्बाइन, म्हणजे छोटे जेट इंजिन, बनवले तेव्हा त्याचे कॉम्प्रेसरचे (हवा दाबणारे) चाक चक्क प्लायवूडचे होते, वरून कार्बन धाग्याने आवळलेले. आजच्या दहा किलो थ्रस्टच्या (पुढे ढकलणाऱ्या जोराच्या) इंजिनाचा रोटर, म्हणजे आतला फिरता भाग, मिनिटाला दीड लाखाच्या आसपास फेरे घेतो, एक्झॉस्टचे तापमान ५०० ते ७०० अंश सेल्सियस असते, आणि यांपैकी काही मर्यादेबाहेर गेले की नियंत्रक संगणक स्वतःच इंधन तोडतो. इंजिन बंद केल्यावर स्टार्टर मोटर त्याला थांबून थांबून फिरवत थंड करते. ती कुरकुर संपेपर्यंत विमानाला हात लावायचा नाही, हे मी नवख्यांना पुन्हा पुन्हा सांगतो.

खरी परीक्षा उतरताना असते. प्रॉपेलरला थ्रॉटल दिला की ओढ लगेच मिळते; टर्बाइनला आयडलवरून, म्हणजे सर्वांत मंद फिरण्यावरून, पूर्ण जोरावर यायला तीन-चार सेकंद लागतात, आणि तेवढ्यात ताशी सत्तरने उतरणारे विमान साठ-ऐंशी मीटर पुढे गेलेले असते.

आता आपल्या सड्याकडे, म्हणजे आम्ही विमाने उडवतो त्या जांभ्याच्या पठाराकडे, वळू. जांभ्याची बारीक खडी इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या तोंडात गेली तर कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा खाते, म्हणून धावपट्टी झाडणे हा आमच्या छंदाचा रटाळ पण अटळ भाग आहे. गवताचे प्रकरण त्याहून गंभीर. एका फेब्रुवारीत माझे इंजिन हवेत विझले, विमान धावपट्टीच्या अलीकडे वाळल्या गवतात टेकले आणि तापलेल्या टेलपाइपखालून (इंजिनाच्या मागच्या एक्झॉस्टच्या नळीखालून) धूर निघू लागला. हातातले कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर इंजिनासाठी उत्तम, पण गवतापुढे त्याचे काही चालेना. आग विझली ती दोन कॅन पाणी आणि ओल्या गोणपाटांनी. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात पेटलेले डोंगर ज्यांनी पाहिले, त्यांना मी अधिक सांगायला नको.

जागेचा प्रश्नही आहेच. दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ असलेल्या एवढ्याशा राज्यात २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हरित क्षेत्रात ४०० फूट, तर विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूट एवढीच उंची विनापरवानगी मिळते, आणि वेगवान जेटला वळायला ती अपुरी पडते. म्हणून पालकांना मी विजेवरचा डक्टेड फॅन, म्हणजे नळीत बसवलेला पंखा, सुचवतो. लिथियम बॅटरीही पेट घेऊ शकते आणि उड्डाण चार-पाच मिनिटांत आटोपते, पण टेलपाइप तापत नाही आणि थ्रॉटलला प्रतिसाद लवकर मिळतो. माझे स्वतःचे टर्बाइन पावसाळ्यानंतर गवत हिरवे असेतोवर उडते. नाताळ उलटला की ते टाकी रिकामी करून पेटीत जाते.