बारा गळे, दोन पियानो आणि एक पेटी

श्रोतेहो, नमस्कार. इटालियन संगीतकार रोसिनीची 'पेतित मेस सोलानेल' ही मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती उपासनेच्या प्रार्थनांची गायनरचना, १४ मार्च १८६४ रोजी पॅरिसमध्ये पहिल्यांदा गायली गेली ती चर्चमध्ये नव्हे, काउंट पिले-विल यांच्या हवेलीत. साथीला दोन पियानो आणि एक हार्मोनियम. गायक बारा पुरेत, असं रोसिनीने स्वतःच लिहून ठेवलंय: चार एकल, आठ वृंदात. वाद्यवृंदाचं रूप त्याने नंतर केलं, तेही आपल्यामागे दुसऱ्या कुणी करू नये म्हणून. तेव्हा बारा जणांच्या रेकॉर्डिंगला कुणी काटकसर म्हणू नये.

खरी डोकेदुखी पेटीची. फ्रान्सने १८५९ मध्ये 'ला' हा वाद्यं जुळवण्याचा स्वर सेकंदाला ४३५ कंपनांवर ठरवला. त्या पट्टीतली जुनी पेटी आणि आजचा ४४० चा पियानो एकत्र वाजले, तर त्या स्वरावर आवाज सेकंदाला पाचदा कमी-जास्त होतो, असे हेलकावे ऐकू येतात. जुन्या पेटीचे सूर, म्हणजे आतल्या धातूच्या पात्या, घासण्यापेक्षा पियानोच खाली आणलेले बरे. पण ते एका बैठकीत होत नाही. एकेक तार सैल होत गेली की एकूण ताण घटतो आणि आधी लावलेल्या तारा पुन्हा चढतात. म्हणून आधी एकदा लावायचं, तारा स्थिरावू द्यायच्या आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी पुन्हा.

नाट्यसंगीतातली पायपेटी ऐकलेल्यांना भात्याचा आवाज ठाऊक असेल. फ्रेंच पेटीत 'एक्स्प्रेशन'ची खुंटी ओढली की हवेचा साठा बाजूला पडतो आणि पायाचा दाब थेट सुरांवर येतो. आवाज सुंदर फुगतो, पण पायाची धडधडही वाढते. मायक्रोफोन पायट्यांपासून दूर, उंचावर हवा.

जागा फार घुमणारी नको. 'किरिए' या पहिल्या प्रार्थनेत पियानोचा तुटक ठेका सतत चालतो. मोठ्या चर्चमध्ये त्याचा चिखल होतो. तिच्या मधला 'क्रिस्ते' हा भाग विनासाथ आहे. तिथे सूर केसभर उतरला, तरी पियानो परतताच चोरी पकडली जाते. तो जोड संगणकावर लपवण्यापेक्षा 'क्रिस्ते' आणि पुढचं 'किरिए' सलग गाऊन घ्यावं. श्वासही वाटून घ्यावे लागतात: एकल गायक वृंदात मिसळले तरी एका स्वरपंक्तीत तिघेच, एक थांबला की तिसरा हिस्सा आवाज गेला.

आता याच मिस्सेतल्या 'कुम सांक्तो स्पिरितु'चा फ्यूग लावतोय; फ्यूग म्हणजे एकच धून एकामागून एक आवाज उचलतात ती रचना. सोप्रानो हा बायकांचा सगळ्यात वरचा आवाज कुणालाही ऐकू येतो. तुम्ही आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा, आणि टेनर, म्हणजे पुरुषांचा वरचा आवाज कुठे शिरतात तेवढं पकडा.