हनोईचा पत्ता

मंडळी, मी ३१ वर्षं टपाल खात्यात काढली, त्यातली बरीचशी सॉर्टिंगला. त्यामुळे प्रवासाकडेही मी पत्राच्या नजरेनं बघतो. पत्ता नीट लिहिलेला असला तर पोस्टमन नवखा असूनही पत्र पोचतं. पत्ता अर्धवट असला तर गावातला जुना पोस्टमनसुद्धा हात टेकतो. अनोळखी देशात उतरताना आपण म्हणजे असंच एक पत्र असतो. तो देश आपल्याला दहा-बारा दिवसांत काय कळणार? पण आपण त्या देशाला कळायला हवं, आणि तेवढं आपल्या हातात असतं. आज व्हिएतनामबद्दल बोलताना मी हाच धागा धरणार आहे. गेल्या नोव्हेंबरात आम्ही दोघं कुठल्याही टूरबरोबर न जाता तिकडे फिरून आलो.

सुरुवात व्हिसाच्या अर्जापासून. आपल्याला ई-व्हिसा मिळतो. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा असतो, आणि एकदाच प्रवेश करायचा असेल तर शुल्क २५ डॉलर. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट व्हीएन’नं संपतो, तो बघूनच अर्ज भरा. हुबेहूब तसंच दिसणारं खासगी दुकान बरेच जादा पैसे घेतं. पण खरी गोम नावात आहे. व्हिएतनामी माणसाचं आडनाव आधी येतं, मग मधलं, आणि स्वतःचं नाव शेवटी. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव. बायकोचा अर्ज भरताना मी मधलं नाव गाळलं. पासपोर्टवर मात्र ते होतं. चूक लक्षात आली ती पैसे भरल्यावर. शुल्क परत मिळत नाही, पुन्हा अर्ज करावा लागला. तेव्हा पासपोर्टवर अक्षर न् अक्षर जसं छापलंय तसंच लिहा, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाकडून एकदा ताडून घ्या.

मुंबईहून थेट विमान मिळालं तर पाच तासांच्या आसपास हनोई. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. नोई बाई विमानतळ शहरापासून २५-३० किलोमीटरवर आहे. बाहेर पडल्यावर ८६ नंबरची बस थेट हनोई रेल्वे स्टेशनपर्यंत येते, आणि जुन्या वस्तीच्या कडेनं जात असल्यामुळे बहुतेकांना तीच सोयीची. रात्री उतरलात तर ग्रॅबची गाडी मागवा. ग्रॅब म्हणजे आपल्या ओला-उबरसारखं फोनवरचं ॲप, भाडं आधी ठरलेलं असतं. मात्र गाडीची नंबरप्लेट फोनवरच्या नंबराशी जुळल्याशिवाय दार उघडू नका. ‘ग्रॅब, ग्रॅब’ म्हणत जो आपणहून जवळ येतो, तो आपण मागवलेला नसतो.

आता पत्ता. व्हिएतनामी भाषा रोमन लिपीत लिहितात, पण अक्षरांच्या वरखाली चिन्हं असतात, आणि ती गाळली की शब्दच बदलतो. उत्तरेकडच्या बोलीत सहा सूर आहेत. ‘मा’ हा एकच उच्चार सूर बदलून म्हटला की भूत, गाल, पण, थडगं, घोडा आणि भाताचं रोप असे सहा अर्थ होतात. आपल्या तोंडून त्यातला कुठला बाहेर पडेल याचा भरवसा नाही. म्हणून हॉटेलचा पत्ता चिन्हांसकट मोठ्या अक्षरात छापून खिशात ठेवा. फोनची बॅटरी संपली तरी कागद बोलतो. मी पोस्टकार्डाच्या आकाराचे चार कागद नेले होते, आणि त्यातला एक परत येईपर्यंत मऊ पडला होता, इतका तो हातोहात फिरला.

हनोईच्या जुन्या भागात गेल्यावर मला तर घरच्यासारखंच वाटलं. तिथल्या गल्ल्यांची नावं मालावरून पडली आहेत. ‘हांग’ म्हणजे माल. हांग बाक ही चांदीची गल्ली, हांग डुओंग साखरेची, हांग मा पूजेच्या कागदी वस्तूंची. पुण्यातल्या तांबट आळीत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. काही ठिकाणी नावातला माल गेला, दुसरा आला. हांग गाय म्हणजे तागाची गल्ली, पण आज तिथे रेशीम विकतात.

पैशांचं जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे माणूस गोंधळतोच. एका रुपयाला साधारण तीनशे डोंग. खिशात लाखोंच्या नोटा येतात आणि सगळ्यांवर हो चि मिन्ह यांचाच चेहरा. वीस हजारांची नोट निळी, पाच लाखांचीही निळसर. पहिली सत्तर रुपयांच्या आतली, दुसरी दीड हजाराहून जास्तीची. आमच्या हॉटेलसमोर, रस्त्यापलीकडच्या कोपऱ्यावर एक बाई चहाची टपरी चालवायची. वीतभर उंचीची प्लास्टिकची स्टुलं आणि बर्फ घातलेला फिका चहा. पहिल्याच संध्याकाळी मी तिला दोन चहाचे पैसे म्हणून निळी नोट दिली. तिनं ती दिव्याखाली धरली, माझं मनगट पकडलं, नोट माझ्याच मुठीत परत कोंबली, आणि एकेका शून्यावर बोट ठेवून मला ती मोजायला लावली. मग माझ्या पाकिटातली दुसरी निळी नोट दाखवून म्हणाली, ही. दुसऱ्या दिवसापासून पाच लाखांच्या नोटा मी वेगळ्या कप्प्यात ठेवल्या.

शाकाहारी मंडळींसाठी एकच शब्द, ‘आन चाय’. म्हणजे मी ‘चाय’ खातो, आणि इथे चाय म्हणजे शाकाहार. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर माशांचं आंबवलेलं पाणी, नुओक माम, तरीही पडतं, कारण ते त्यांच्या लेखी मिठासारखं आहे. पण ‘चाय’ म्हटलं की समोरच्याला लगेच अर्थ लागतो. तिथले पुष्कळ लोक चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, स्वतः चाय पाळतात. कडक बौद्ध पद्धतीत तर कांदा-लसूणही वर्ज्य. आमच्या हिचा चातुर्मास नुकताच संपला होता, ती म्हणाली, ‘अहो, हे तर आपलंच आहे.’ त्या दिवसापासून तिची भीती गेली.

स्कूटर भाड्यानं घेण्याचा मोह होतो, विशेषतः तरुणांना. घेऊ नका, हे मी कळकळीनं सांगतो. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असतो, आणि व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसारचा परवाना मानतो. भाड्यानं देणारा काही विचारत नाही. अपघात झाला की मात्र विमा कंपनी विचारते. त्यापेक्षा ‘से ओम’वर मागे बसा. ओम म्हणजे मिठी, चालकाला धरून बसायची दुचाकी टॅक्सी. लांब जायचं तर रेल्वे आहे. हनोई ते सायगॉन, म्हणजे आताचं हो चि मिन्ह सिटी, अशी १,७२६ किलोमीटरची मीटरगेज लाइन, फ्रेंचांच्या काळात १९३६ मध्ये पूर्ण झालेली. सगळी करू नका, पण हुए ते दा नांग हा तुकडा दिवसाउजेडी करा आणि डाव्या हाताची खिडकी घ्या. हाय व्हानच्या घाटात गाडी समुद्राच्या कडेनं इतकी हळू वळते की पुढच्या वळणावर आपलंच इंजिन दिसतं.

आणि रस्ता ओलांडणं. देशात सात कोटींहून जास्त मोटरसायकली आहेत, आणि वाहतूक उजव्या बाजूनं. म्हणजे आधी डावीकडे बघायचं. आपलं आयुष्य आधी उजवीकडे बघण्यात गेलेलं असतं, ही सवय मोडायला दोन दिवस लागतात. बस किंवा ट्रक येत असेल तर थांबा. नुसत्या दुचाकी असतील तर एका संथ चालीनं निघा, आणि मधे थबकू नका, मागे फिरू नका, पळू तर मुळीच नका. तुम्ही पुढच्या क्षणी कुठे असाल याचा अंदाज समोरच्यानं आधीच बांधलेला असतो, तो तुम्ही मोडलात की धडक बसते. मी पहिल्यांदा फुटपाथवर दहा मिनिटं उभा होतो. ती चहावाली समोरून बघत होती. ती आली, माझ्या कोपराला धरून मला पलीकडे घेऊन गेली. तिच्या पावलांची लय मला अजून आठवते, देवळाला प्रदक्षिणा घालताना असते तशी.

पलीकडे बसवून तिनं मला वय विचारलं. तिकडे हे पहिल्या भेटीतच विचारतात, कारण वय कळल्याशिवाय समोरच्याला काय म्हणायचं हे ठरत नाही. ‘तू’, ‘तुम्ही’ याच्या जागी दादा, ताई, काका, भाची अशी नातीच वापरतात. मी तळहातावर ६३ लिहून दाखवलं. तिनं मनाशी हिशेब केला, माझ्याकडे बोट करून म्हणाली, ‘बाक’. म्हणजे आईवडिलांहून मोठे काका. मग स्वतःकडे बोट करून म्हणाली, ‘चाउ’. भाची, पुतणी. त्यानंतर हनोईत होतो तितके दिवस, आम्ही हॉटेलच्या दारात दिसलो की रस्त्यापलीकडून, त्या सगळ्या मोटरसायकलींच्या आवाजावरून, हाक यायची, ‘बाक ओय!’ आणि आम्ही दोघं डावीकडे बघून निघायचो.