तळ्यातला गणपती, पण तळे कुठे?

नमस्कार. सारसबागेतल्या गणपतीला जुने पुणेकर आजही ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात आणि पुण्यात नव्याने आलेला पाहुणा हमखास विचारतो, की मग तळे कुठे आहे? मी आत्ता ज्या हिरवळीवर उभा राहून बोलतो आहे, ती त्याच तळ्याच्या जागेवर आहे.

नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी आंबिल ओढ्याचे पाणी अडवून तळे करवून घेतले आणि त्याच्या मधोमध एक बेट राखले. १७८४ मध्ये, सवाई माधवरावांच्या काळात, त्या बेटावर गणपतीची स्थापना झाली. पुढे तळे गेले आणि बाग आली. माझ्या मागे पाहा. मंदिराकडे जायला पायऱ्या चढाव्या लागतात, म्हणून ते उंचावर बांधले आहे असे आपल्याला वाटते. खरे तर आपणच खोलात उभे आहोत. (थंडीत याच गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घालतात. तेवढ्यासाठी डिसेंबरात एक फेरी करायला हरकत नाही.)

पुण्यातल्या बागा फुलझाडांपेक्षा पाण्याच्या मागाने पाहिल्या, तर अधिक कळतात, असे माझे मत आहे. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाला जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन या बागेचा आदर्श आहे. ती मूळ बाग १७०० मध्ये पूर्ण झाली. इथले पाणी मात्र मुठेच्या कालव्याचे. ते उतारावरून दगडांमधून खळखळत खाली येते, पुलाखाली क्षणभर थांबल्यासारखे होते आणि मग माशांच्या तळ्यात पसरते. हिरवळीवर पाऊल पडले, की रखवालदाराची शिट्टी वाजते. मुले हिरमुसतात, पण ती हिरवळ टिकली आहे ती या शिट्टीमुळेच, हे मान्य करावे लागते. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाजवळची एम्प्रेस गार्डन याच्या अगदी उलट आहे: जुनी झाडे, जाडजूड वेली आणि ऐन दुपारीही गर्द सावली. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास तिथे पुष्पप्रदर्शन भरते, तेव्हा मात्र गर्दीची तयारी ठेवून जावे.

ज्यांना खरोखर चालायचे आहे, त्यांनी बाग सोडून टेकडी गाठावी. वेताळ टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच असून शहरातला सर्वांत उंच भाग तिथेच आहे. वर दगडाची जुनी खाण आहे आणि पावसाचे पाणी साठून तिचे तळे झाले आहे. फेब्रुवारीत उंदीरमारीची झाडे पाने गाळून फिक्या गुलाबी फुलांनी भरतात. ती दिसतात सुरेख, पण हे झाड मूळचे मध्य अमेरिकेतले आहे आणि टेकडीवर ते लागवडीतून आले आहे.

कालवा टेकडीवर चढत नाही. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत पहाटे फिरायला येणाऱ्यांपैकी काहींच्या हातात काठीऐवजी पाच लिटरचा कॅन दिसतो. घरून भरून आणलेले ते पाणी धापा टाकत वर नेऊन, स्वतः लावलेल्या रोपाच्या आळ्यात ते हळूहळू ओततात आणि रिकामा कॅन हलवत उतरू लागतात.