यूव्ही मशीनवर ॲब्सॉर्बन्स ३ दाखवतंय? वहीत लिहू नका, आधी हे बघा

नमस्कार मंडळी! मुंबईत प्रॅक्टिकल्स सुरू झाली की बीएस्सी आणि फार्मसीच्या मुलांचा एकच प्रश्न असतो, यूव्ही स्पेक्ट्रोवर (सोल्युशन किती अल्ट्राव्हायोलेट प्रकाश शोषतं ते मोजणारं मशीन) आलेल्या आकड्यावर, म्हणजे ॲब्सॉर्बन्सवर, विश्वास ठेवायचा का? चला, पॅरासिटामॉलची गोळी घेऊन बघू.

गोळी कुटली, ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवली, गाळून घेतली. पाण्यासारखं नितळ, रंग शून्य. पण २५७ नॅनोमीटरचा अल्ट्राव्हायोलेट प्रकाश ती मस्त शोषते, आणि जेवढं पॅरासिटामॉल जास्त तेवढा ॲब्सॉर्बन्स जास्त, हाच तो बीअर-लॅम्बर्टचा नियम. १ सेंटीमीटरच्या क्युवेटमध्ये (सॅम्पल ठेवायची छोटी चौकोनी पारदर्शक नळी) मिलीलीटरला १० मायक्रोग्रॅम असेल तर साधारण ०.७१५ येतो, ५ असेल तर त्याच्या निम्मा.

आता खरी गोची. ॲब्सॉर्बन्स लॉगमध्ये मोजतात ना, म्हणजे १ आला तर १० टक्के प्रकाश पलीकडे पोचला, २ आला तर १ टक्का, आणि ३ आला तर हजारातला फक्त एक भाग! मशीनच्या आत थोडा भटका प्रकाश कायम फिरत असतो, तोही जवळपास तेवढाच असू शकतो, आणि डिटेक्टरला दोघांतला फरक कळत नाही. मग आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो, ग्राफची सरळ रेषा वरच्या टोकाला वाकते, आणि तुमची गोळी उगाच कमी डोसची ठरते. त्यामुळे सोल्युशन डायल्यूट करा, रीडिंग ०.२ ते ०.८ मध्ये आणा आणि शेवटी डायल्यूशन फॅक्टरने, म्हणजे जितक्या पट पातळ केलं त्या आकड्याने, गुणा. ही पायरी प्लीज गाळू नका.

ही बघा क्युवेट. दोन बाजू खरबरीत, तिथेच धरायची, कारण गुळगुळीत बाजूंवर बोटाचा ठसा उमटला की तोही प्रकाश अडवतो. आणि यूव्हीसाठी क्वार्ट्झचीच हवी, साधी काच २५७ ला स्वतःच प्रकाश खाते. ब्लँकला, म्हणजे मशीन शून्यावर आणायला गोळीशिवाय ठेवतात त्या सोल्युशनला, तेच सोडियम हायड्रॉक्साइड, नुसतं पाणी नाही.

मुंबईच्या पावसाळ्यात अजून एक भानगड होते, फ्रीजमधलं सॅम्पल थेट क्युवेटमध्ये ओतलं की बाहेरून लगेच दव धरतं, प्रकाश विखुरतो आणि रीडिंग फुगतं. सॅम्पल आधी रूम टेंपरेचरला येऊ द्या, क्युवेट टिश्यूने टिपून घ्या, आणि मशीनमध्ये ठेवल्यावर आकडा हळूहळू उतरत असेल तर दव अजून उडतंय असं समजा, तो थांबेपर्यंत पेन उचलू नका.