'पण' गिळणारे बाबा

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर 'अटॅचमेंट' शब्द पाहून आयोजकांपैकी एका काकांचा मला फोन आला, "ताई, मराठीत काही सापडत नाही का?" शोधलं हो. 'आसक्ती' म्हणावं तर ती सोडा असं सगळे संत सांगून गेलेत. 'माया' म्हणावं तर आईची असली की हवीशी आणि वेदान्तात गेली की खोटी! शेवटी अटॅचमेंटच ठेवलं.

अटॅचमेंट म्हणजे घाबरलं की मूल ज्याच्याकडे धाव घेतं, त्या माणसाशी असलेला त्याचा बंध. ही कल्पना मांडली जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविश्लेषकांनी. त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये डॉक्टरांना एक चित्रफीत दाखवली. अडीच वर्षांची लॉरा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस इस्पितळात. आईवडिलांना रोज येऊन बसायची मुभा नाही, त्या काळचा नियमच तसा. पोर फार रडत नाही, चेहरा घट्ट करून बसते. घरी निघायच्या दिवशी सगळ्या वस्तू गोळा करते आणि आईनं पुढे केलेला हात मात्र धरत नाही. जिची आठ दिवस वाट पाहिली, तिचाच हात. डॉक्टरमंडळी या फितीवर चिडली होती.

सोळा वर्षांचं मूल खोलीचं दार लावून घेतं, तेव्हा मला तो न धरलेला हात आठवतो. आईवडील माझ्याकडे येतात ते मोबाइलची, मार्कांची, उद्धटपणाची तक्रार घेऊन. अमेरिकेत फिलाडेल्फियाला गाय डायमंड आणि सहकाऱ्यांनी खचलेल्या, जीव नकोसा झालेल्या किशोरवयीनांसाठी 'अटॅचमेंट-बेस्ड फॅमिली थेरपी' ही जी कुटुंबोपचाराची पद्धत बसवली, तिच्या पहिल्याच भेटीत या तक्रारी बाजूला ठेवतात. सगळ्यांसमोर मुलाला विचारतात: जीव नकोसा होतो तेव्हा तू आईबाबांकडे का जात नाहीस? खोलीतली हवाच बदलते. मग मुलाशी एकट्यानं बोलणं, पालकांशी वेगळं बोलणं, त्यानंतर समोरासमोर बसणं, आणि शेवटी मुलाला स्वतःच्या पायावर उभं करणं. साधारण १२ ते १६ आठवडे लागतात.

आपल्याकडे गाडी अडते ती पालकांच्या टप्प्यावर. मी पुण्यात हे काम करते. एक वडील आले होते. ओळख पटेल असं सगळं बदलून सांगते. लेक वर्षभर त्यांच्याशी बोलत नव्हती. मी म्हटलं, "तुम्ही लहानपणी घाबरलात की कोणाकडे जायचात?" बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गोठ्यात." दुसरं कोणी नव्हतंच. त्यांना माया नव्हती असं नाही हं! अबोला असतानाही लेकीच्या स्कूटीत दर रविवारी पेट्रोल भरून ठेवायचे. तिला वाटायचं, आई भरते.

समोरासमोर बसायच्या आधी मी त्यांच्याकडून एकच तयारी करून घेतली: 'पण' म्हणायचं नाही. "माझं चुकलं, पण तुझ्या भल्यासाठीच…" इथे पोरगी पुन्हा दार लावते. लेक म्हणाली, "बाबा, दहावीच्या निकालाच्या दिवशी तुम्ही पाहुण्यांसमोर मला हसलात." त्यांच्या ओठांवर 'पण' आलेला मला दिसला. त्यांनी तो गिळला. म्हणाले, "मग तू कुठे गेलीस?" "गच्चीवर. टाकीमागे." "किती वेळ?" "अंधार पडेपर्यंत." त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते रडले वगैरे नाहीत. एवढंच म्हणाले, "मी वर यायला हवं होतं."

हे ऐकून कोणी जादूची कांडी समजू नये. २०१० च्या ६६ मुलांच्या अभ्यासात आत्महत्येचे विचार कमी करण्यात ही पद्धत नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरली. २०१९ च्या १२९ मुलांच्या अभ्यासात तुलनेला मुलाचं नीट ऐकून घेणारा वैयक्तिक उपचार होता. तिथे दोन्ही गटांना फायदा झाला, ही पद्धत काही त्या उपचाराच्या पुढे गेली नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. ऐकणारं माणूस मिळणं हेच मोठं औषध. आणि घरात मारहाण चालू असेल तर समोरासमोर बसवायची घाई करायची नाही, आधी मूल सुरक्षित हवं. नावालाही फसू नका. 'अटॅचमेंट थेरपी'च्या नावाखाली मुलांना जबरदस्तीनं दाबून धरण्याचे प्रकार अमेरिकेत झाले. २००० साली कोलोरॅडोत एक दहा वर्षांची मुलगी अशा प्रकारात गुदमरून दगावली. त्याचा या कामाशी काडीचा संबंध नाही.

त्या बापलेकीचं पुढे काय झालं, विचारताय? शेवटच्या भेटीत दोघं माझ्यासमोर कडाकडा भांडली. तिला मैत्रिणींबरोबर लोणावळ्याला स्कूटी न्यायची होती. बाबा म्हणाले, "जा, पण रात्रीच्या आत परत ये." यावेळी त्या 'पण'ला मी अडवलं नाही. तीच म्हणाली, "पेट्रोल भरून ठेवा मग."