कोलारच्या पोटात गेलेलं पोलाद

(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : पहाटेचं धुकं. चॅम्पियन रीफ खाणीचा लोखंडी मनोरा. वरची दोन चाकं स्थिर.]

२८ फेब्रुवारी २००१ ला इथलं काम बंद झालं. त्याआधी सुमारे १२० वर्षं या चाकांवरून दोर सुटत होते, आणि दोरांना टांगलेल्या पिंजऱ्यातून माणसं खाली जात होती. किती खाली? ३ किलोमीटरपेक्षा जास्त. कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यातलं हे गाव. गावाचं नावच कोलार गोल्ड फील्ड्स. सगळे केजीएफ म्हणतात.

[दृश्य : माळरान, खडक, जुन्या खड्ड्यांची तोंडं.]

सोनं इंग्रजांनी शोधलं, असं पुस्तकांत वाचायला मिळतं. ते खरं नाही. १८०२ साली म्हैसूरच्या सरहद्दीची मोजणी करायला जॉन वॉरन नावाचा लेफ्टनंट इकडे आला, तेव्हा इथले गावकरी मातीतून सोनं धुऊन काढतच होते. त्याच्याही शेकडो वर्षं आधी कुणीतरी खडकात उतरलं होतं. लाकडं पेटवून दगड तापवायचा, तापल्या दगडावर पाणी ओतायचं. दगड तडकला की फोडून बाहेर काढायचा. त्या माणसांची नावं कुठेच नोंदलेली नाहीत. पण त्यांनी खणलेली जागा लक्षात ठेवा, आपण तिथे परत येणार आहोत.

[दृश्य : जुना नकाशा, बैलगाडीचा रस्ता.]

वॉरनने जे लिहून ठेवलं, ते ६० - ७० वर्षांनी मायकल फिट्झजेराल्ड लॅव्हेल या आयरिश माणसाच्या वाचनात आलं. न्यूझीलंडच्या लढाईतून परतलेला हा निवृत्त शिपाई बंगळूरला राहत होता. बैलगाडी करून तो कोलारला आला, इथली माती बघितली आणि खाणकामाचा परवाना मागितला. म्हैसूरचा कारभार तेव्हा ब्रिटिश कमिशनर पाहत होते. १८७५ साली परवाना मिळाला, पण लॅव्हेलच्या खिशात पैसा नव्हता. खडक फोडायचा म्हणजे भांडवल लागतं. त्याने हक्क विकले, आणि पुढे ही गोष्ट लंडनला गेली.

[दृश्य : लंडनमधल्या भागपत्रांची जुनी छायाचित्रं.]

जॉन टेलर अँड सन्स ही खाणींची व्यवस्था बघणारी लंडनची पेढी. १८८० मध्ये म्हैसूर गोल्ड मायनिंग कंपनी उभी राहिली. त्याच सुमाराला वायनाडच्या सोन्यापायी लंडनमध्ये डझनांनी कंपन्या निघाल्या होत्या. त्यांचे शेअर हातोहात खपले आणि बहुतेकांचे पैसे बुडाले. कोलारचीही गत तीच व्हायची होती. पैसे संपत आले, सोनं काही लागेना. भागधारक म्हणाले, आता पुरे. टेलरनी कशीबशी त्यांची समजूत घातली आणि उरलेल्या पैशात कॅप्टन प्लमर यांना इकडे पाठवलं.

प्लमरने काय केलं? त्या जुन्या, बिननावाच्या माणसांनी जिथे खणलं होतं, तिथेच तो खाली उतरला. त्यांचं काम जिथे थांबलं होतं, तिथून पुढे खणलं आणि चॅम्पियन रीफ सापडली. गारगोटीची, सोनं धरून बसलेली शीर. लंडनच्या भांडवलाला वाट दाखवली ती इथल्याच जुन्या खड्ड्यांनी. आम्हाला हे ठासून सांगायचं आहे.

[दृश्य : हातात धरलेली जुनी पोलादी पहार. टोक झिजून गोल झालेलं. कॅमेरा जवळ जातो.]

आता हे टोक बघा.

सुरुवातीला सगळं हातानेच चालायचं. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण घालायचा. प्रत्येक घावानंतर पहार जराशी फिरवायची, नाहीतर ती दगडात अडकून बसते. असं तासन् तास केलं की हातभर भोक पडायचं. त्यात डायनामाइट भरायचं, वात पेटवायची आणि लांब जायचं. धूर विरला की फुटलेला दगड भरायचा. या खडकापुढे पोलादाचं काही चालायचं नाही, टोकं भराभर बोथट व्हायची. मग त्यांची मोळी बांधून वर लोहाराकडे. भट्टीत लाल करून, ठोकून, पाणी देऊन ती पुन्हा खाली. खाणीत जितकी माणसं दगडाशी झुंजायची, तितकीच झुंज वर भट्टीपाशीही चालू असायची.

[दृश्य : हवेवर चालणारं जुनं ड्रिल, तिवई, नळी.]

मग आलं हवेचं ड्रिल. आपल्याकडे विहिरीला सुरुंग लावायचे असले की ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर येतो आणि त्याची धडधड सगळ्या शिवारात ऐकू जाते. ते तंत्र हेच. वर जमिनीवर यंत्राने हवा दाबायची, नळ्यांतून खाली सोडायची, आणि ती हवा दट्ट्याला मागेपुढे नाचवते. पहिली यंत्रं भलतीच जड होती. बोगद्याच्या छतापासून जमिनीपर्यंत खांब ताठ बसवायचा, त्याला यंत्र आवळायचं, तेव्हा कुठे भोक पाडायला सुरुवात.

१८९७ साली अमेरिकेत डेन्व्हरच्या जॉन जॉर्ज लेनरने वेगळी युक्ती काढली. पोलादी दांड्याने स्वतः पुढेमागे व्हायचंच नाही. आतला हातोडा त्याच्यावर आपटत राहील. दांडा पोकळ ठेवायचा आणि भोकातला चुरा त्यातून हवा सोडून बाहेर फुंकायचा. काम झपाट्याने व्हायला लागलं. पण तो चुरा जायचा कुठे? थेट ड्रिल धरणाऱ्याच्या नाकातोंडात. मग हवेच्या जागी पाणी आलं. याच घराण्यातली, एका माणसाला पेलतील अशी जॅकहॅमर पुढे कोलारलाही आली.

[दृश्य : लाकडी पेटीत ओळीने मांडलेले दगडाचे दंडगोल.]

आणि हे डायमंड ड्रिलचं काम. टोकाला हिऱ्यांचं कडं असलेली पोकळ नळी. ती दगड फोडत नाही, कापते, आणि आतला गाभा अख्खा बाहेर काढते. शीर पुढे आहे की संपली, हे खणायच्या आधीच कळायला लागलं.

[दृश्य : शिवनसमुद्र. कावेरीचा धबधबा, डोंगरउतारावरचे जाड पाइप, जुनं वीजघर.]

हवा दाबायला, पाणी उपसायला, दगड कुटायला वाफेची इंजिनं होती, आणि त्यांची भूक लाकडाने नि कोळशाने भागेना. म्हैसूरचे दिवाण शेषाद्री अय्यर यांनी कावेरीच्या धबधब्याकडे बोट दाखवलं. इंजिनिअर जोली द लॉटबिनिएर युरोप-अमेरिका फिरून यंत्रं बघून आले. टर्बाइन झुरिकच्या एशर विसची, जनित्रं अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकची. सगळं सामान बैलगाड्यांवर घालून, हत्ती लावून इथवर ओढत आणलं.

जून १९०२ मध्ये इथली वीज सुमारे १४७ किलोमीटर तारांवरून कोलारला पोहोचली. एवढ्या लांब वीज नेणाऱ्या वाहिन्या तेव्हा जगात मोजक्याच होत्या. आपल्या खोपोलीचं टाटांचं वीजघर सुरू झालं १९१५ साली, म्हणजे १३ वर्षांनी. खुद्द बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे लागले १९०५ मध्ये. वीज आधी खाणीला मिळाली, शहराला नंतर. शेषाद्री अय्यर यांना हे पाहायला मिळालं नाही, १९०१ मध्येच ते गेले.

[दृश्य : टर्बाइनचं चाक. निवेदन नाही. फक्त पाण्याचा आवाज.]

[दृश्य : गिफर्ड शाफ्टचं तोंड, विटांचं अस्तर, खाली काळोख.]

१९०५ साली या पट्ट्यातून सुमारे १९ टन सोनं निघालं. पुढे शीर खोल गेली आणि माणसंही तिच्या मागोमाग गेली. हा गिफर्ड शाफ्ट, म्हणजे खाणीची उभी विहीर, विटांनी बांधलेला, सुमारे २ किलोमीटर सरळ खाली. तळाशी खडकच इतका तापलेला, ६५ अंशांच्या आसपास, की वर हवा थंड करायचा कारखाना उभारून गार वारा खाली सोडावा लागला. दाबाखालचा दगड अचानक फुटायचा. कामगार त्याला एअर ब्लास्ट म्हणत.

[दृश्य : कामगारांच्या चाळींच्या ओळी. दारात बसलेली म्हातारी माणसं. त्यांचे हात.]

ड्रिल धरणारे बहुतेक जण उत्तर अर्काटकडून आलेले तमिळ दलित, काही चित्तूरकडचे तेलुगू. दगडाची धूळ छातीत बसली की सिलिकोसिस, फुप्फुसांचा रोग. १९३० साली अंगठ्याचे ठसे घ्यायला निघालेल्या कंपन्यांविरुद्ध त्यांनी संप केला.

[दृश्य : तेच हात. निवेदन नाही.]

[दृश्य : सायनाइडचे करडे डोंगर. वाऱ्यावर उडणारी धूळ.]

सायनाइडने सोनं काढून घेतल्यावर उरलेली ही माती. ती अजून उडते.

[दृश्य : चॅम्पियन रीफची जुनी छायाचित्रं, उपकरणांभोवती उभे शास्त्रज्ञ.]

चॅम्पियन रीफच्या खाणीत मुंबईची माणसंही उतरली. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था, जपानमधलं ओसाका आणि इंग्लंडमधलं डरहॅम इथली विद्यापीठं. वरच्या खडकामुळे बाकीचे कण गाळले जातात, म्हणून त्यांनी २ किलोमीटरपेक्षा खोल उपकरणं मांडली. वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंचा, म्हणजे खडकातूनही आरपार जाणाऱ्या सूक्ष्म कणांचा, माग १९६५ साली इथे लागला. पहार धरणाऱ्यांनी केलेली जागा या कामाला उपयोगी पडली.

[दृश्य : गंजलेलं दोरगुंडाळ्याचं यंत्र. त्याच्या दातांवर धूळ.]

हे यंत्र आम्ही तासभर चित्रित करत होतो. तेल घातलं तर फिरेल, असं वाटत राहिलं. इथलं लोखंड तुकडे करून भंगाराच्या भावाने जाऊ नये. मनोरे आहेत तिथेच उभे राहावेत. मुलांना दाखवायला हे एवढंच उरलंय.

[दृश्य : सकाळ. मारिकुप्पम स्टेशन. डबे हातात घेतलेली माणसं बंगळूरच्या गाडीत चढतात.]

ही रेल्वे १८९४ मध्ये खाणींसाठी टाकली. खाणी बंद झाल्या, तेव्हापासून गावाचं पोट हीच गाडी भरते. पहाटे बंगळूर, रात्री परत. वाटेतल्या स्टेशनांना नावं खाणींचीच.

[दृश्य : खिडकीतून एकेक फलक मागे सरकतो.]

चॅम्पियन.

ऊरगाम.

कोरोमंडल.

[गाडीचा आवाज. अंधार.]