इंदूर: सपाट, पण सखल नव्हे

पडद्यावर दिसणारी ही शेते इंदूरच्या उत्तरेला, सांवेर रस्त्याकडे आहेत. क्षितिजापर्यंत गहू उभा आहे, डोंगर कुठेही नजरेस पडत नाही, आणि म्हणून आपल्याकडील पुष्कळ मुले उत्तरपत्रिकेत निःशंकपणे ‘सखल मैदान’ असे लिहून मोकळी होतात. वास्तविक ही जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर असून ती माळव्याच्या पठाराचा भाग आहे. जमीन सपाट असली म्हणजे ती सखल असतेच असे नाही, हे भूगोलाच्या तासाला अधिक ठामपणे सांगितले गेले पाहिजे.

आता नकाशा पाहू. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशावर साधारणपणे दर 20 मीटर उंचीला एक समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणारी रेषा, असते. इंदूरभोवती या रेषा विरळ आहेत. महूच्या पुढे, जिथे चोरल नदी पाताळपाण्याला विंध्याच्या कड्यावरून कोसळते, तिथे त्या एकमेकींना जवळजवळ चिकटतात. आणि कडा उतरून निमाडात, म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यातील प्रदेशात, महेश्वरकडे गेले की पुन्हा विरळ होतात. केवळ रेषांमधील अंतर पाहणाऱ्याला माळवा आणि निमाड सारखेच वाटतील, कारण अंतरावरून उतार कळतो, उंची नव्हे. उंचीसाठी रेषेवरचा आकडा वाचावा लागतो, आणि तो इंदूरजवळ पाचशेच्या पुढे, तर महेश्वरच्या घाटाशी दोनशेच्याही आत असतो.

पठाराची दुसरी खूण पाण्यात सापडते. नर्मदा इतकी जवळ असूनही इंदूरचे पाणी तिच्याकडे जात नाही. पठाराचा उतार उत्तरेकडे असल्यामुळे ते कान्ह नदीतून क्षिप्रेला, पुढे चंबळ, यमुना आणि गंगेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला मिळते. कड्यावरून उतरणारी चोरल मात्र नर्मदेला मिळते आणि तिचे पाणी अरबी समुद्रात जाते.

तुलनेसाठी बडोदे घ्यावे. तेही असेच सपाट, परंतु समुद्रसपाटीपासून 50 मीटरही उंच नाही, आणि तेथील मैदान नद्यांनी आणलेल्या गाळाचे आहे. आपल्या काळ्या मातीखाली सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट आहे. पाताळपाण्याच्या कड्यात त्याचे थर उघडे पडलेले आहेत; इंदूरच्या शाळांनी सातवी-आठवीची सहल तिथे न्यावी, सोबत नकाशा ठेवावा, आणि सुरक्षित कठड्यामागे उभे राहून मुलांकडून त्यावरचे आकडे वाचून घ्यावेत.